बेरीज शहाण्णव

बायको प्रवासाला निघाली की नवऱ्यानं गुपचूप बॅग उचलावी, तोंड उघडू नये. एवढी साधी अक्कल यायला मला वयाचं बासष्टावं वर्ष उजाडावं लागलं.

झालं असं की लेक जिन्यावरून घसरली आणि तिच्या पायाला प्लास्टर पडलं. तिचं गाव आमच्यापासून बसनं सहा तासांवर. बायकोनं दोन तासांत बॅग भरली आणि दारात उभं राहून मला विचारलं, "मी नसताना जमेल ना तुम्हाला?"

प्रश्न सरळ होता. उत्तरही सरळ होतं : नाही. पण त्या क्षणी मला मर्दपणा दाखवायची हुक्की आली.

"राहा की हवे तितके दिवस," मी म्हणालो. "माझं काय अडतंय?"

तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. ती नजर मला चांगली ओळखीची आहे. आमच्या हिनं एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत गणित शिकवलं. अख्खी गल्ली तिला बाई म्हणते, आणि तिच्यामागं मीसुद्धा. (तोंडावर 'अगं'च म्हणतो. तेवढी हिंमत आहे.) बाई रागावल्या की आवाज चढवत नाहीत, गणित घालतात. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मी एकदा मित्रांबरोबर गप्पा मारत बसलो आणि उशिरा घरी आलो. तेव्हा जेवण वाढता वाढता तिनं विचारलं होतं, "एक माणूस ताशी चार किलोमीटर चालतो. ऑफिस घरापासून दोन किलोमीटरवर आहे. तर त्याला घरी पोचायला साडेतीन तास कसे लागतात?" त्याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही.

तर बाईंनी बॅग खाली ठेवली, आत गेल्या, आणि स्वयंपाकघरातल्या फळीवरचा बिस्किटांचा रिकामा डबा घेऊन आल्या. त्यात आपल्या पर्समधली, कपाटातली, खिडकीतल्या वाटीतली नाणी मोजून टाकली आणि झाकण लावलं.

"या डब्यात दोनची आणि पाचची मिळून तीस नाणी आहेत. एकूण बेरीज शहाण्णव. पाचची जितकी नाणी, तितक्या दिवसांनी मी परत येईन. चारला इथं पोचणाऱ्या बसनं. काढा उत्तर."

"अगं, पण सरळ दिवस सांग ना!"

"तुमचं काही अडत नाही ना? मग घाई कसली? आणि फोनवर मला दिवस विचारायचा नाही. त्या दिवशी स्टॉपवर दिसलात तर मी समजेन."

"काय समजशील?"

"ते माझं मी समजेन," असं म्हणून बाईंनी बॅग उचलली आणि स्टॉपवर जाऊन बसमध्ये चढल्या. तो रविवार होता.

आता तुम्हाला वाटेल, यात काय मोठंसं? त्यातून मी नाण्यांतलाच माणूस. बस डेपोच्या नाणेमोजणीच्या खिडकीत मी उभी हयात काढली. कंडक्टर थैल्या आणून ओतायचे, मी मोजायचो, त्यांच्या चिठ्ठीवरच्या रकमेशी माझी रक्कम जुळली की शिक्का. नाणं टेबलावर पडलं की नुसत्या आवाजावरून मी सांगायचो, दोनचं की पाचचं. अशा माणसाला बायकोनं नाण्यांचं गणित घालावं! हा मला माझा अपमान वाटला. म्हणून मी तो डबा फळीवर तसाच ठेवून दिला.

पहिला दिवस मोठ्या मजेत गेला. ओला टॉवेल पलंगावर टाकला. रेडिओ मोठ्यानं लावला. पेपर जमिनीवर पसरून वाचला आणि उचलला नाही. जेवायला ब्रेड आणि ऑम्लेट, तेही फ्रायपॅनमधूनच खाल्लं. मी मलाच म्हणालो, वा, याला म्हणतात स्वातंत्र्य!

सोमवारी सकाळी खाली दूध आणायला गेलो तर दूधवाला डोक्याला हात लावून बसलेला. "काका, सुटे नाहीत हो. सगळे मोठ्या नोटा घेऊन येतात. तुमच्याकडे दोनची नाणी असतील ना?"

नाण्यांसाठी कोणी माझ्याकडे यावं, याला रिटायर झाल्यापासून दोन वर्षं लोटली होती. माझी छाती फुगली. मी तसाच वर गेलो, डब्यातून दोनची पाच नाणी काढली आणि त्याला नेऊन दिली. त्यानं पाचची दोन नाणी दिली, ती मी डब्यात टाकली. दहा गेले, दहा आले. गल्ल्यातलं घेतलं की तेवढंच गल्ल्यात परत टाकायचं, हा माझा एकतीस वर्षांचा नेम. (या ठिकाणी काही हुशार वाचक हसू लागले असतील. त्यांनी कृपया दम धरावा. मला हसायला अजून अकरा दिवस होते.)

मंगळवारपासून मात्र घर मोठं व्हायला लागलं. दोन खोल्यांचंच घर आमचं, पण या खोलीतून त्या खोलीत जायला कारणच उरेना. सकाळी चहा केला आणि सवयीनं दोन कप ओतले. दुसरा कप समोर ठेवून बसून राहिलो. फेकवेना, पिववेना. शेवटी तो कुंडीत ओतला. बुधवारी पुन्हा दोन कप. त्या कुंडीतलं रोप पुढं सुकलं, तो वेगळा विषय.

बाईंचा फोन रोज यायचा.

"काय चाललंय?"

"मजेत."

"जेवलात?"

"उत्तम."

"बरं."

झालं, फोन बंद. नंतर मी फोन हातात घेऊन दहा मिनिटं बसायचो आणि काय काय बोलायचं राहिलं त्याची मनातल्या मनात उजळणी करायचो. करमत नाही. दुपारी घड्याळाचा आवाज फार मोठा येतो. तू कपाटात ठेवलेली जुनी शाल मी उगाच खुर्चीवर आणून टाकली आहे. यातलं एकही वाक्य तोंडातून बाहेर पडत नव्हतं, कारण 'माझं काय अडतंय' हे वाक्य दारातच आडवं पडलं होतं.

गुरुवारी मी कुकरशी बोललो. म्हणजे तसं खास काही नाही. त्यानं शिट्टी दिली आणि मी म्हणालो, "आलो, आलो." मग थोडा वेळ माझा मीच दचकून उभा राहिलो. आणि गपचूप फळीवरचा डबा काढला.

डोकं चालवून उत्तर काढायचं होतं हे मला ठाऊक आहे. पण समोर डबा असताना डोकं कशाला शिणवायचं? मी नाणी टेबलावर ओतली, पाचची वेगळी केली, मोजली. चौदा. मग रक्कम तपासली. पाचची चौदा म्हणजे सत्तर, दोनची तेरा म्हणजे सव्वीस. एकूण शहाण्णव. टॅली! डेपोत असतो तर शिक्काच मारला असता.

चौदा दिवस, म्हणजे पुढचा पुढचा रविवार. रविवारी गेली, रविवारी येणार, बरोबर दोन आठवडे. माझी खात्रीच पटली. बाईंचं सगळं असंच आखीव असतं. मी कॅलेंडरवर त्या रविवारी लाल गोल केला आणि त्या गोलाकडे बघत जेवलो.

मधले दिवस कसे काढले ते विचारू नका. एक दिवस मी चक्क डेपोवर गेलो, म्हटलं जुनी माणसं भेटतील. माझ्या खिडकीत एक मशीन बसवलेलं. वरून नाणी ओतायची, खालून चिठ्ठी बाहेर. मशीनशेजारच्या मुलीनं विचारलं, "काय काम आहे आजोबा?" मी म्हणालो, "काही नाही, बघतोय." ती म्हणाली, "बसची चौकशी पलीकडे." मी पलीकडे गेलो आणि ज्या गावाला मला जायचं नव्हतं त्या गावच्या बसची नीट चौकशी करून घरी आलो.

आता मुख्य शुक्रवार. बारावा दिवस. सकाळीच बाईंचा फोन आला.

"आज काय विशेष?"

"आज? छे! आज काय विशेष असणार?"

"काहीच नाही?"

"मिशीला कलप लावायचा विचार आहे," मी म्हणालो. (रविवारची तयारी होती, पण ते गुपित होतं.)

"लावा," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. आवाज जरा बारीक वाटला. मला वाटलं, रेंज नसेल.

माझा आराखडा पक्का होता. शुक्रवारी मिशी, शनिवारी भांडी आणि जमीन, रविवारी इस्त्रीचा शर्ट आणि तीन वाजल्यापासून स्टॉपवर. त्यामुळे शुक्रवारी दुपारी साडेतीनला घराची अवस्था अशी होती की बेसिनमध्ये पाच दिवसांची भांडी, जमिनीवर बारा दिवसांचे पेपर, आणि आरशासमोर मी, डाव्या मिशीला कलप लावून उजवीकडे वळलेला.

तेवढ्यात बेल वाजली. दारात वरच्या मजल्यावरची खारूताई. वय दहा, पुढचे दोन दात मोठे, म्हणून गल्लीनं ठेवलेलं नाव. बाई तिचा अभ्यास घेतात.

"आजोबा, बाई आल्या?"

"रविवारी येणार आहेत. काय काम होतं?"

"गणित तपासून हवं होतं." मग माझ्या तोंडाकडे नीट बघून, "तुमची एक मिशी ओली आहे."

"दुसरी होणार आहे. दाखव गणित."

वहीत लिहिलं होतं : दोनची व पाचची मिळून वीस नाणी, एकूण एकसष्ट, तर पाचची किती? मी हसलो. म्हणालो, "डबा कुठं आहे?"

"कसला डबा?"

"नाण्यांचा. मोजायला नको?"

"मोजायची नसतात आजोबा, विचार करायचा असतो." तिनं मला बाईंच्याच सुरात समजावलं. "समजा, सगळी दोनचीच आहेत. वीस नाण्यांचे चाळीस झाले. पण हवेत एकसष्ट, म्हणजे एकवीस कमी पडले. आता दोनचं एक काढून पाचचं एक टाकलं की नाणी तेवढीच राहतात आणि बेरीज तीननं वाढते. एकवीसमध्ये तीन किती वेळा? सात. पाचची सात."

मी मनातल्या मनात पडताळून पाहिलं. सात पाचे पस्तीस, तेरा दुणे सव्वीस, एकसष्ट. पोरगी हुशार होती. पण मीही काही कमी नव्हतो. म्हटलं, हिला आपल्या पदरचं एक गणित घालू, ज्याचं उत्तर आपल्याला पक्कं ठाऊक आहे.

"तीस नाणी. बेरीज शहाण्णव. सांग."

तिनं वर छताकडे पाहिलं. "सगळी दोनची असती तर साठ. कमी पडले छत्तीस. छत्तीसमध्ये तीन बारा वेळा. बारा."

"चूक," मी प्रेमानं म्हणालो. "चौदा."

"बारा."

"अगं, मी स्वतः मोजलीत!"

"चौदा असतील तर त्यांचेच सत्तर झाले. उरली सोळा, त्यांचे बत्तीस. एकशेदोन होतात आजोबा. सहा जास्त."

मी फळीवरचा डबा आणला आणि तिच्यापुढं ओतला. "मोज. पाचची चौदा आहेत का नाहीत? बेरीज शहाण्णव आहे का नाही?"

तिनं मोजलं. एकेक नाणं बोटानं सरकवत मोजलं. "पाचची चौदा आहेत. बेरीज पण शहाण्णव आहे. पण नाणी सत्तावीसच आहेत."

"मग? रक्कम बरोबर आहे ना?"

"पण तीस कुठायत?"

एकतीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. डेपोत रक्कम विचारायचे, नाणी किती हे कोणाच्या बापानं विचारलं नव्हतं. मी त्या सत्तावीस नाण्यांकडे बघत राहिलो. मग मला तो सोमवार आठवला, तो दूधवाला आठवला. दोनची पाच गेली, पाचची दोन आली. तीन नाणी कमी झाली आणि पाचची दोननं वाढली. चौदातून दोन गेले, बारा.

"आज वार कुठला?" मी विचारलं.

"शुक्रवार."

"रविवारपासून शुक्रवार..."

तिनं बोटं मोजली. "पहिला शुक्रवार धरला तर पाच. दुसरा धरला तर बारा."

आणि मग मला सकाळचा फोन आठवला. आज काय विशेष? काहीच नाही? तिनं आणखी किती स्पष्ट विचारायचं होतं? आणि मी काय म्हणालो, तर मिशी!

घड्याळात तीन अडतीस झाले होते. मी तसाच पळालो. पायात स्लिपर, त्याही एक माझी आणि एक बाईंची. दार उघडंच राहिलं. मागून खारूताई ओरडली, "आजोबा, दुसरी मिशी!" पण आता मिशीला वेळ कुठं होता? बाईंची नेहमीची मागची गल्ली सोडून मोठ्या रस्त्यानं, सिग्नल न बघता, लोकांना धक्के मारत मी धावलो. बासष्टाव्या वर्षी धावणं म्हणजे खरं तर घाईघाईनं दम लागणं असतं. पण स्टॉपवर पोचलो तेव्हा चारला तीन मिनिटं कमी होती. जिंकलो!

बाकावर बसून मी केस सारखे केले. चार वाजले. बस नाही. सव्वाचार झाले. साडेचारला एक बस आली, तिच्यातून सात माणसं उतरली आणि सातही परकी. शेजारी एक चांभार बसला होता. त्याला विचारलं, "चारची बस आज आली नाही का?"

"आली की, चारला दहा कमी असताना," तो दाभण न थांबवता म्हणाला. "नवं वेळापत्रक लागून महिना झाला. तिथं लावलंय बघा."

खरंच लावलं होतं. डेपोत आयुष्य काढलेल्या माणसाला वेळापत्रक वाचायची गरज कधीच वाटली नव्हती.

म्हणजे ती आली होती. उतरली असेल, बॅग खाली ठेवली असेल, इकडं बघितलं असेल, तिकडं बघितलं असेल. स्टॉपवर मी नाही. 'त्या दिवशी दिसलात तर मी समजेन.' आणि नाही दिसलो तर? तेही तिनं समजून घेतलं असणार. समोरच्या बाजूनं परतीची बस चारला पाच कमी असतानाच सुटते. त्या बसमध्ये बॅग घेऊन चढणारी बाई मला डोळ्यांपुढं इतकी स्वच्छ दिसली की मला बसवेना.

पाचची बस आली, गेली. स्टॉपवर ऑफिसमधून सुटलेल्या माणसांची गर्दी जमू लागली. प्रत्येकाला कोणाकडे तरी जायचं होतं. सगळे माझ्या अर्ध्या मिशीकडं बघून नजर फिरवत होते. मी खिशातून फोन काढला आणि लावला.

फोन उचलला गेला. मागं पाण्याचा आणि भांड्यांचा आवाज येत होता. पोचलीसुद्धा का लेकीकडं? एवढ्या लवकर? सहा तासांचं गणित त्या क्षणी माझ्या डोक्यात शिरलंच नाही.

"काय म्हणता?" बाईंचा आवाज.

"अगं, ऐक," मी म्हणालो. आणि दारात आडवं पडलेलं ते वाक्य कसं कोण जाणे, बाजूला झालं. "माझं अडतं. सगळं अडतं. चहा दोन कप होतो. घर खायला उठतं. मी कुकरशी बोलतो, आणि तो माझं ऐकत नाही. ते गणित मला सुटलं नाही, मी नाणी मोजली, तीही चुकीची मोजली. मी स्टॉपवर आलो होतो गं, फक्त सात मिनिटं उशिरा. रागावून परत गेलीस, तुझं बरोबर आहे. पण ये. मला तुझ्याशिवाय करमत नाही. एक दिवससुद्धा नाही."

स्टॉपवरची सगळी गर्दी आता माझ्याकडेच वळली होती. एका आजींनी तर डोळ्याला पदर लावला होता.

"हॅलो?" मी म्हणालो. "ऐकलंस ना?"

"नाही हो," बाई म्हणाल्या. "नळ चालू होता, नीट ऐकूच आलं नाही. पुन्हा एकदा सांगा बघू. जरा मोठ्यानं."

काय करणार? मी बाकावरून उठून उभा राहिलो आणि पुन्हा सगळं सांगितलं. चहा, कुकर, नाणी, आणि करमत नाही ते तर दोनदा. मोठ्यानं. समोरच्या फुटपाथवरची माणसं थांबली. चांभारानं दाभण खाली ठेवलं.

"आता आलं ऐकू?" मी डोळे पुसत विचारलं.

उत्तर बाईंच्या आधी दुसऱ्याच कोणाचं तरी आलं. आवाज लहान होता, फोनपासून जरा लांबून येत होता, आणि आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या दोन मोठ्या दातांतून येत होता :

"पण बाई, नळ तर तुम्ही आजोबांचा फोन उचलल्या उचलल्या बंद केला होता ना?"